चार बोटं जागा

"अरे तीन टनाचा आहे हा, होते त्यातला सगळ्यात भारी उचललाय," मित्र परत परत तेच सांगत होता आणि जॅक काही केल्या गाडीखाली जात नव्हता. नवाकोरा फ्लोअर जॅक, म्हणजे चाकांवर ढकलत गाडीखाली न्यायचा लांब दांड्याचा जॅक, लालभडक रंग, ताज्या पेंटचा आणि ऑइलचा वास अजून गेलेला नाही, चाकं मस्त फिरतायत, आणि पुढच्या बंपरखालच्या काळ्या लिपला त्याची सॅडल, म्हणजे गाडीला टेकते ती गोल वाटी, टक् करून अडली. मी शेजारी टॉर्च धरून उकिडवा बसलो होतो. त्यानं जॅक जरा तिरपा करून बघितला, मग दुसऱ्या बाजूनं, मग थोडा जोर लावला, आणि प्लॅस्टिकवर लोखंड घासल्यावर येतो तो आवाज आला, थेट दातात शिरणारा. लिपला फार काही झालं नाही, एक पांढरा ओरखडा, बोटानं पुसला तर अर्धा गेलाही. पण मला नंतर आठवत राहिलं ते त्याचं वाक्य. तीन टनाचा आहे. गाडी त्याची दोन सीटची, जेमतेम अकराशे किलोची, आणि पुढची बाजू उचलायची तर जॅकवर येणार त्याच्या निम्मं वजन. वजनाची अडचण त्याला कधी नव्हतीच. अडचण होती चार बोटं जागेची, आणि ती खोक्यावर कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेली नव्हती.

खाली बसलेल्या गाडीचं वेड ज्याला आहे त्यालाच ते कळतं. दार उघडून आत बसायचं नाही, उतरायचं असतं, एक हात छतावर, एक पाय आत, मग कंबर, मग उरलेला माणूस. रस्त्याचा प्रत्येक जोड सीटमधून पाठीला कळतो. वळणावर गाडी झुकत नाही, ती नुसती वळते, कारण वजन सगळं जमिनीजवळ आहे, आणि खालून हवा कमी जाते म्हणून वेगात ती रस्त्याला धरून राहते. हे सगळं ज्या थोड्या मिलिमीटरमुळे मिळतं, तेच मिलिमीटर गाडी उचलायच्या वेळी अंगावर येतात. कंपनीतून निघालेल्या बऱ्याच स्पोर्ट्स कार साधारण ११० ते १३० मिलिमीटर उंचीवर असतात. मग कुणी छोट्या स्प्रिंग घालतं, कुणी कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन, बसवून दोन पेर खाली आणतं, कुणी पुढे स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून बाहेर आलेली चपटी पट्टी, लावतं, आणि बंपरखाली राहतात ८०, कधी ७५. मला या गाड्या आवडतात आणि त्यांचा त्रासही होतो, दोन्ही खरं आहे, आणि वयाबरोबर त्रासाचा भाग जरा वाढत चाललाय असं खाली वाकताना जाणवतं.

तर जॅक बघायच्या आधी गाडी मोजायची. आणि माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स बघून भागत नाही, कारण तो आकडा गाडीच्या एका सगळ्यात खालच्या जागेचा असतो, जॅकला तर बाहेरून सुरुवात करून आत पार क्रॉसमेंबरपर्यंत, म्हणजे गाडीखालच्या आडव्या मजबूत तुळईपर्यंत, जायचं असतं. म्हणजे एक पूर्ण रस्ता मोजायचा. लिपखाली किती जागा, त्याच्यामागे प्लॅस्टिकचं आवरण कुठं खाली आलंय, सबफ्रेमचे, म्हणजे सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या सांगाड्याचे, बोल्ट किती बाहेर आहेत, आणि शेवटी ज्या लोखंडावर सॅडल टेकवायची ते बंपरच्या टोकापासून किती आत आहे. मी पुठ्ठा अंथरून त्यावर आडवा होतो. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर सायलेन्सर थंड होताना टिक् टिक् करत असतो, तापलेल्या रबराचा वास असतो, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक पॅडची काळी धूळ बसलेली असते, हात लावला की बोटांच्या रेघांत जाऊन बसते. टेप सरळ धरता येत नाही, टॉर्च दातात धरावा लागतो. पण त्या पाच-दहा मिनिटांत गाडी जितकी ओळखीची होते तितकी महिनाभर चालवून होत नाही. कुठं आधी कुणीतरी चुकीच्या जागी जॅक लावून पत्रा दाबलाय, कुठं ऑइल नुसतं पाझरतंय, कुठली रबरी घुंडी गायब आहे, सगळं दिसतं.

पुठ्ठ्याचाच अजून एक उपयोग आहे आणि तो मी सगळ्यांना सांगत असतो. जो जॅक घ्यायचा मनात आहे त्याची मापं काढायची, सॅडल पूर्ण खाली असतानाची उंची, मधल्या सांगाड्याची उंची, मागे जिथं दांडा बसतो त्या भागाची उंची, आणि सॅडलपासून त्या भागापर्यंतचं अंतर. मग पुठ्ठ्यावर जॅकची बाजूनं दिसणारी आकृती खऱ्या मापात कापायची आणि ती गाडीखाली सरकवून बघायची. कुठं अडते ते लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा ती सॅडलला अडत नाही.

अडते मागच्या कुबडाला.

ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. लो प्रोफाइल म्हणून जे जॅक मिळतात त्यांची सॅडल ७० ते ९० मिलिमीटरपर्यंत खाली बसते, साध्या जॅकची १३० च्या पुढे. तो आकडा बघून माणूस खूश होतो. पण जॅकचं पोट, म्हणजे पंप आणि दांड्याची खोबण, ही सॅडलच्या बरीच वर असते, आणि क्रॉसमेंबर पुढच्या चाकांच्या रेषेत किंवा त्याच्याही मागे असला तर तिथं सॅडल पोचायच्या आधी हे कुबड बंपरला जाऊन भिडतं. म्हणून नुसता बुटका जॅक पुरत नाही, लांबही लागतो. काही जॅकचा सांगाडा पुढून मागेपर्यंत सपाट ठेवून पंप पार टोकाला नेलेला असतो, अशा गाड्यांना खरं तर तेच लागतात. आणि दांडा! दांड्याला वरखाली व्हायला जागा पाहिजे ना. गाडी खाली असताना दांडा बंपरमुळे अर्धाच उचलता येतो, मग पहिले दहा-बारा झटके छोटे छोटे द्यावे लागतात, जरा गाडी उठली की मग मोकळा पूर्ण झटका मिळतो. दांडा दोन तुकड्यांचा आणि मधे जोडाचा असेल तर त्या जोडाची खडखड वेगळीच, स्क्रू सैल पडला की दांडा हातात आणि जॅक तिकडे.

सॅडलवर रबराचा पॅड असला पाहिजे हे मला पटतं, उघडं लोखंड कुठल्याच गाडीला लावू नये. पण तो पॅड दहा-पंधरा मिलिमीटर खातो. खोक्यावरची उंची पॅडसकट आहे की पॅडशिवाय हे विचारून घ्यायचं, कारण ७५ चे ९० झाले की सगळं गणित परत पहिल्यापासून.

अजून एक गोष्ट, पंक्चरची. गाडी मोजताना चारही टायरमधे हवा असते. पण ज्या दिवशी जॅकची खरी घाई असते त्या दिवशी एक टायर बसलेला असतो. २४५/३५ चा टायर घ्या, २४५ मिलिमीटर ही त्याची रुंदी, त्याची बाजूची भिंत २४५ च्या ३५ टक्के, म्हणजे साधारण ८५ मिलिमीटर. हवा गेली की त्यातला बराचसा भाग रिमखाली चपटा होतो आणि त्या कोपऱ्यात गाडी तितकीच खाली येते. जिथं ९० ची जागा होती तिथं आता हात पण जात नाही. अशा वेळी जगातला सगळ्यात बुटका जॅक आणला तरी त्या बाजूनं उपयोग नाही. म्हणून मी जाड सपाट फळीचे दोन तुकडे जवळ ठेवतो, ४० मिलिमीटरच्या आसपास जाडी, पुढची कड तासून उतार केलेला. गाडी हळूच त्यावर चढवली की लगेच तेवढी उंची मिळते. बसलेला टायर अगदी एक चाकभर अंतर फिरवला तर चालतो, त्यापेक्षा जास्त नाही, रिम आतून टायर चिरायला लागते. रॅम्प वापरणारे खूप आहेत, पण साध्या रॅम्पचा चढ इतका उभा असतो की चाक टेकायच्या आधी स्प्लिटर टेकतो, लांब आणि चपटे रॅम्प असतील तरच.

आता टनाबद्दल. दीड टन, दोन टन, तीन टन, हे लिहिलेलं असतं ते जॅक सुरक्षित उचलू शकतो ते वजन, आणि बहुतेक लोक संपूर्ण गाडीचं वजन त्याच्याशी ताडून बघतात. पण फ्लोअर जॅकनं आपण अख्खी गाडी कधीच उचलत नाही, एक टोक किंवा एक बाजू उचलतो. १४०० किलोची गाडी असेल तर क्रॉसमेंबरखाली ७०० च्या आसपास. १९९६ सालची पहिली लोटस एलिस घ्या, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवून केलेली तिची चासी फक्त ६८ किलोची आणि अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. तिला दीड टनाचा जॅकसुद्धा दुप्पट होतो. मग तीन टनाचा जॅक कुणी घेऊच नये का? तसं नाही. मोठ्या जॅकचा सांगाडा रुंद असतो, चाकं मोठी असतात, लांबी जास्त असते, त्यामुळे तो स्थिर वाटतो आणि खोलवर पोचतो. घ्यायचा तर या कारणासाठी घ्यायचा.

हे सगळं चालतं कसं ते एकदा समजलं की आकडे आपोआप बोलायला लागतात. पास्कलनं १६५३ मध्ये लिहून ठेवलं की बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, आणि १७९५ मध्ये ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं त्यावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपला जॅक त्याच घरातला. समजा पंपाचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि रॅम, म्हणजे उचलणारा मोठा दट्ट्या, ३६ चा, म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट, म्हणजे जोर नऊ पट. दांड्याच्या लांबीमुळे समजा अजून वीस पट. एका हाताच्या जोराचे एकशे ऐंशी पट झाले. पण फुकट काहीच नाही, दांडा जितका खाली आणला त्याच्या एकशे ऐंशीव्या भागाइतकाच रॅम सरकतो. आणि रॅम थेट गाडीला लागत नाही, तो उचलणाऱ्या हाताला बिजागरीजवळ ढकलतो आणि सॅडल असते त्या हाताच्या टोकाला, तेव्हा तिथं जोर परत कमी होतो आणि उंची वाढते. हात जितका लांब तितकं हे जास्त. म्हणून लांब पोचणारे बुटके जॅक जाडजूड आणि जड असतात, त्यांना तेवढंच वजन उचलायला आत जास्त ताकद लागते. कुणी लांबही आहे, बुटकाही आहे आणि हलकाही आहे असं सांगायला लागलं की मी टनाचा आकडा शोधतो, कुठंतरी तडजोड केलेली असतेच.

दोन दट्ट्यांचे पंप असतात त्यात पहिल्या काही झटक्यांतच सॅडल गाडीला जाऊन टेकते, वजन आलं की पंप आपोआप छोट्या चालीवर येतो. खूप सोयीचं आहे. पण खाली बसलेल्या गाडीत सॅडलला जायचंय किती, दोन-तीन बोटं. उलट एकाच झटक्यात ती भसकन वर जाऊन नको तिथं आदळू शकते. मला तरी शेवटचे दोन सेंटिमीटर सावकाश जाणारा पंप आवडतो, मान वाकडी करून बघता येतं सॅडल नेमकी कुठं बसतेय.

कारण बसायची जागाच सगळ्यात नाजूक. या गाड्यांच्या खाली सगळीकडे प्लॅस्टिकची आवरणं, साइड स्कर्ट, कुठं कार्बन फायबर, आणि त्यात जॅक लावायच्या जागा मोजक्याच. दाराखालची पत्र्याची उभी कड असेल तर मधे खाच असलेला रबराचा ठोकळा लागतो, म्हणजे वजन कडेवर न येता तिच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर येतं, नाहीतर ती कड लगेच वाकते आणि तिथूनच गंज सुरू होतो. १९९७ पासूनच्या कॉर्व्हेटला खाली लांबट खाचा दिलेल्या आहेत, त्यात चकतीसारखा पक अडकवायचा आणि मग जॅक लावायचा, पण पक लावला की त्याची जाडीही जागेतून वजा. मागच्या बाजूला काही गाड्यांत डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याखाली, लावता येतो, मधे इंजिन असलेल्या गाड्यांत तसलं काही नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं, तेच खरं. आणि चासी कडक असल्यामुळे एक मजा होते, बाजूच्या पुढच्या जागेवरून उचललं की मागचं चाकही हळूच जमीन सोडतं, दोन्ही चाकं एका जॅकवर. बघायला छान वाटतं, पण त्या वेळी पलीकडच्या चाकांना ठोकळे लावलेले नसतील तर बघत बसायची वेळ नाही.

ठोकळे लावायचं कारण जॅक स्वतः चालतो हे आहे. सॅडल सरळ वर जात नाही, ती गोलाकार वाटेनं वर जाते आणि वर जाता जाता जॅकच्या मागच्या टोकाकडे येते. गाडी तर जागेवर आहे, मग सरकणार कोण, जॅक. फरशी गुळगुळीत असेल तर तो मस्तपैकी आत सरकत जातो, लोखंडी चाकांचा घर्रर्र आवाज येत राहतो, आणि तो आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. आवाज थांबला, चाक फरशीच्या भेगेत किंवा खड्यावर अडलं, की जॅकऐवजी सॅडल गाडीखालून घसरायला लागते, किंवा गाडीच ओढली जाते. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर तर लोखंडी चाकं रुतूनच बसतात. जाड प्लायवूडचा तुकडा खाली टाकला की हा प्रश्न मिटतो, पण त्याची जाडीही जॅकच्या उंचीत धरायची, आणि गाडीची चाकंही तेवढीच वर घ्यायची. मागची बाजू उचलताना हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये, तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो आणि ती तर हवेत आहेत. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे.

अॅल्युमिनियम की लोखंड यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दीड टनाचा अॅल्युमिनियमचा जॅक पंधरा किलोच्या आसपास, तीन टनाचा लोखंडी बुटका पस्तीस ते पंचेचाळीस किलो. गाडीच्या डिकीत घालून ट्रॅकवर न्यायचा असेल तर दुसरा विचारच नको, अॅल्युमिनियम. एका हातानं उचलून ठेवता येतो, पाठ शाबूत राहते. पण ज्याचा जॅक एकाच जागी राहणार आहे, फरशीवर ढकलतच न्यायचा आहे, त्याला वजनाचा त्रास कितीसा? वजन तिथं कामाचंच आहे, जॅक डगमगत नाही, आणि वर्षानुवर्षं आपटून ओढून वापरला तरी लोखंड सहन करतं.

आणि स्टँड, म्हणजे उचललेली गाडी ज्यांवर टेकवून ठेवायची ते लोखंडी पाय. जॅक घेताना स्टँडचे पैसे बाजूला काढलेले नसतील तर मी म्हणतो थांबा अजून. जॅकचं काम गाडी वर न्यायचं, धरून ठेवायचं नाही. आत दोन-चार रबरी सील आणि छोट्या गोळ्यांचे व्हॉल्व, एवढ्यावर ते सगळं वजन उभं असतं, गोळीखाली बारीक कचरा आला की गाडी हळूहळू खाली बसायला लागते, आणि कधीकधी हळूहळू नाही. स्टँडही नीट बघून घ्यायचे. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारं विकणाऱ्या कंपनीनं आपले पिट्सबर्ग ब्रँडचे ३ टन आणि ६ टनांचे स्टँड परत मागवले होते, साचे जुने झाल्यामुळे दात्यांची खोली कमीजास्त झाली होती आणि खिटी नीट अडकत नव्हती. बदली म्हणून दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही परत घ्यावे लागले. तेव्हापासून मी गाडी स्टँडवर टेकवली की दोन्ही हातांनी बाजूनं ढकलून बघतो, जॅक सॅडलला हलकासा लावूनच ठेवतो, आणि काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सारतो. खाली बसलेल्या गाडीत स्टँडसाठी जागा मिळणं हीही वेगळी कसरत आहे, जॅकनंच लावायची जागा अडवलेली असते. म्हणून क्रॉसमेंबरपर्यंत पोचणारा लांब जॅक इतका महत्त्वाचा, मधे उचलायचं आणि दोन्ही बाजूंच्या जागा स्टँडला मोकळ्या.

उतरवताना कळतं जॅक चांगला आहे का ते. दांडा फिरवला की व्हॉल्व उघडतो, आणि हलक्या प्रतीच्या जॅकमध्ये काही नाही, काही नाही असं करत करत एकदम धाडकन. उंच गाडीला चालून जातं, इथं खाली लिप आहे, स्प्लिटर आहे, आणि जॅकचं स्वतःचं कुबड बंपरखालीच आहे. दांडा केसभर फिरवला तर गाडी केसभरच खाली आली पाहिजे. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, घ्यायच्या आधी कुणाचा तरी तसाच जॅक चालवून बघावा लागतो. नवीन जॅकमध्ये हवा अडकलेली असते, दांडा स्पंजासारखा लागतो, व्हॉल्व उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा दांडा हलवायचा, हवा निघून जाते. ऑइल कमी झालं तर जॅकचंच ऑइल घालायचं, ब्रेक फ्लुइड चुकूनही नाही, सील फुगून खराब होतात. आणि ठेवताना सॅडल पूर्ण खाली, म्हणजे रॅम आत राहतो, चमकदार भाग गंजत नाही.

मित्रानं शेवटी तो तीन टनाचा परत केला आणि मी पुठ्ठा घेऊन त्याच्याकडे गेलो. लिपखाली ८२, कुबडाच्या जागी ९५, क्रॉसमेंबर बराच आत. पुठ्ठ्याच्या दोन आकृत्या अडल्या, तिसरी गेली. ती निघाली दोन टनाच्या लोखंडी लांब जॅकची, सॅडल ७० ची, पॅड घालून ८० च्या आत. दोन मिलिमीटरवर विसंबू नकोस, फळ्या कर, असं मी सांगितलं, त्याच्याकडे लाकूड होतंच. अॅल्युमिनियमवर त्याचं मन अजून आहे, रंग छान असतो म्हणतो, पण गाडी तो ट्रॅकवर नेत नाही आणि जॅक जाणार कुठंच नाहीये. स्टँडची जोडी आधी आली, जॅक नंतर येईल. तोवर मागचे ब्रेक पॅड थांबतील, अजून बरेच शिल्लक आहेत, मी टॉर्च लावून बघितलेत.